आबा, तुमच्या सायकलच्या चड्डीविषयी

आबा,

दहावा अजून व्हायचा आहे. पुढच्या खोलीत सतरंजी पसरली आहे आणि सकाळपासून माणसं येतायत. जो येतो तो आधी तुमच्या फोटोकडे बघतो आणि मग भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे. "या वयात धुळ्याहून एरंडोल सायकलवर, काय माणूस," असं म्हणतो आणि शेजाऱ्यांनी आणलेला चहा घेतो. सासूबाई, आपल्या अक्का, मान हलवतात. मी कप गोळा करते.

मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतं की पाय तुमचेच होते, दमही तुमचाच, पण त्या सीटवर टिकून राहायला एक चड्डी लागत होती आणि ती मी शिवत होते. पण मयताच्या घरात सुनेनं सासऱ्याच्या चड्डीचा विषय काढला तर लोक तुमचं दुःख बाजूला ठेवून मलाच डॉक्टरकडे नेतील. या विषयावर तुमच्याशीही मी उभ्या आयुष्यात एकच शब्द बोलले, आणि तो होता 'हो'. म्हणून आज सगळं बोलून घेते. आता तुम्हाला खाकरून बाहेर निघून जाता येणार नाही.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर पदर घ्यायचे, पण ते सणासुदीला, फोटोपुरतं. तुमच्या घरात आले आणि कळलं की इथे सून सासऱ्याशी बोलत नाही, त्यांच्याकडे बघत नाही, ते आले की उठून आत जाते. तुम्हाला चहा हवा असला की मी तीन हातांवर उभी असतानाही तुम्ही अक्कांना सांगायचे, "तिले सांग, चहा ठेव." अक्का वळून मला म्हणायच्या, "चहा ठेव म्हनतस." मी अक्कांना विचारायचे, साखर किती. अक्का तुम्हाला विचारायच्या. एवढं होईपर्यंत आधण उकळून जायचं. पहिली दोन-तीन वर्षं मला तुमचे फक्त पाय ओळखू येत होते. नडगीवरच्या शिरा, पोटऱ्यांचे गोळे आणि पायजम्याला चेन लागू नये म्हणून लावलेली ते कपड्यांचे दोन चिमटे.

तुमची कापसाची जमीन एरंडोलच्या पुढे, पद्मालयाच्या रस्त्याला. ह्यांना धुळ्याला, देवपुरात कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, अक्कांचे गुडघे गेले, म्हणून तुम्ही मुलाजवळ राहायला आलात. राहायला आलात म्हणजे अंथरूण तेवढं देवपुरात होतं. आठवड्यातून एकदा पहाटे तुम्ही सायकल काढायचे, पारोळ्यावरून एरंडोल गाठायचे, शेतात एक रात्र काढून परत यायचे. जाताना साठेक किलोमीटर, येताना तेवढेच, वर ट्रकांचा रस्ता आणि आपल्याकडचं ऊन. ह्यांनी एकदा म्हटलं, एस्टीनं जात जा. तुम्ही म्हणालात, "एस्टीमा बठनू का माले झोप येस. मंग रस्तावरनं वावर कोन दखी?" परत आल्यावर जेवताना तुम्ही अक्कांना सांगायचे, म्हसव्याच्या पुढे कुणाच्या कापसावर मावा पडलाय, कुणी नवी विहीर पाडली, कुणाचा बांध सरकलाय. दारामागे बसून मी ते ऐकायचे. भूगोलाच्या पुस्तकात मला कधी एवढं दिसलं नव्हतं.

मग तुम्हाला साखरेचा आजार निघाला. आणि त्याच महिन्यात सीटवर घासून जखम झाली, ती भरेना. ह्यांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्या माणसाला बसायच्या जागी जखम म्हणजे जिवाशी खेळ. ही भरली तर भरली, पण पुन्हा झाली की सायकल बंद. ह्यांनी घरी येऊन सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलात आणि ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. तुमच्यासारखा माणूस भाकरी टाकतो हे बघून मला भीतीच वाटली. अक्का चुलीपाशी मला म्हणाल्या, "हाऊ मानूस सायकलबिगर मरी जाई." डॉक्टर म्हणत होते सायकलीनं मराल, अक्का म्हणत होत्या सायकलीवाचून मराल. दोघांचंही खरं होतं.

जखम भरल्यावर ह्यांनी किल्ली दिली, ती अटीवर. एक जरी व्रण दिसला तर सायकल गावी चुलत्यांकडे पाठवून देणार. त्या दिवशी अक्कांनी माझ्या मशीनजवळ येऊन हुकूम सोडला की खाली मऊ लागेल अशी चड्डी शिव.

शिवायला काय, मी शिवणाचा क्लास केलेला होता. पण माप कुणाचं घ्यायचं? सुनेनं सासऱ्याला टेप लावणं तुमच्या सात पिढ्यांत झालं नसेल. मी तुमचा जुना पायजमा उसवून त्याचं आसन काढलं, आणि ते पुरेना म्हणून अंगणात जाऊन सायकलच्या सीटलाच टेप लावला. पुढून किती, मागून किती, नाक किती रुंद. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, सायकलला झबलं शिवतेस का गं?

आत काय भरायचं, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. कापूस पिकवणारं घर. उशीत कापूस, गोधडीत कापूस, कानात कापूस, मग चड्डीत दुसरं काय असणार? तुम्ही स्वतः शेतातला चांगला पांढराशुभ्र कापूस पिंजून आणलात. "आपला घरना कापूस शे, बाजारनं काय लेवानं?" असं अक्कांना सांगितलंत. मी जाड मांजरपाटाची गुडघ्यापर्यंतची चड्डी शिवली, अक्कांनी आतून गोधडीसारखे टाके घातले. घडी घातली तरी ती उभी राहायची. तुम्ही ती पायजम्याच्या आत घालून निघालात तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं की काम फत्ते झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात ते पाय फाकवून चालत. घामानं कापूस भिजला, भिजून त्याचे गोळे झाले, आणि पारोळ्यापासून पुढे तुम्ही त्या गोळ्यांवर बसून गेला होतात. कातडी लाल झाली होती, फुटली नव्हती एवढंच. एवढं होऊनही कुणाला कापसाचा संशय आला नाही. अक्कांचं निदान होतं, "कापूस कमी पडना." मग दुसरी चड्डी आणखी जाड झाली. तिनं आणखी छळलं. जे पीक आपल्याला पोसतं ते आपल्याला टोचेल, हे तुमच्याच्यानं मानवत नव्हतं आणि आमच्याच्यानं बोलवत नव्हतं.

आणि मग एके दिवशी ती चड्डी माझ्या मशीनवर ठेवलेली दिसली. तुम्ही तिला मला कधी हात लावू दिला नाहीत. शेतातल्या विहिरीवर स्वतः धुऊन आणायचे. त्या दिवशी मात्र ती धुऊन, वाळवून, उलटी करून, नीट घडी करून ठेवलेली होती. आत निळ्या खडूच्या खुणा होत्या. मधल्या शिवणीवर एक रेघ, दोन बाजूंना दोन गोल. खडू माझाच, मशीनच्या खणातला. मी किती वेळ ती हातात धरून बसले मला माहीत नाही. ज्या माणसाच्या शब्दावर गावात बांधाची भांडणं मिटायची, त्यानं माझ्या खणातून खडू शोधून काढून, आपल्याला कुठे दुखतं ते मला सांगितलं होतं. रीत मोडली नव्हती आणि निरोप पोचला होता. मला आजही त्या निळ्या रेघेचं नवल वाटतं.

मी ती शिवण उसवून टाकली. असं आपलं बोलणं सुरू झालं आणि वर्षभर चाललं. तुम्ही खडूनं सांगायचे, मी सुईनं उत्तर द्यायचे. रेघ म्हणजे घासतं, गोल म्हणजे टोचतं, फुली म्हणजे हे काढूनच टाक. फुली कापसावर आली तेव्हा मी तुमच्या हिमतीला मनातून नमस्कार केला. सगळा कापूस काढला आणि फलालीनचा एकच सलग तुकडा लावला, त्याच्या कडा जिथे बसायचं त्याच्या पार बाहेर नेल्या. मधली शिवण घालवून तिथे पतंगासारखा तुकडा जोडला. मांजरपाट सोडून कबड्डीची पोरं घालतात तसलं ताणणारं कापड घेतलं, कारण ढगळ कापडाला चुण्या पडतात आणि चुणी म्हणजे सुरीच. पाय लांब ठेवले, मांडीला मांडी लागू नये म्हणून. चड्डी अंगाला चिकटून बसायला लागली. अक्कांना ती इतकी लाजिरवाणी वाटली की वाळत घालताना त्यावर लुगडं टाकायच्या. तुम्ही ती पायजम्याखाली घालून देवपूर ओलांडायचे, गाव मागे पडलं की पायजमा काढून कॅरियरला बांधायचे आणि एरंडोल आलं की परत चढवायचे. हे मला फार उशिरा कळलं.

प्रत्येक फेरीला खुणा कमी होत गेल्या. पण दोन खुणा जाईनात. जांघेच्या दोन बाजूंना, दोन तिरप्या रेघा, दर वेळी तिथेच. मी तिथलं कापड बदललं, शिवण सरकवली, धागा बदलला. रेघा आपल्या जागी. अक्कांनी दबक्या आवाजात सांगितलं की तिथे कातडी सोलवटायला आलीय आणि त्या ती रोज ह्यांच्यापासून लपवतायत. मी मशीनवर बसायचे आणि हात चालायचा नाही. पुढची चड्डी चुकली तर सायकल गावी जाणार होती.

त्या हिवाळ्यात तुम्ही आग्रा रोडवरून एक गोरं जोडपं घरी आणलंत. चाक पंक्चर होऊन बसले होते. भाषा एकमेकांची कुणालाच येत नव्हती, पण तुमचं पंपानं हवा भरणं आणि अक्कांचं भरीत-भाकरी यात सगळं भागलं. बाईनं आमच्या मोरीत कपडे धुतले आणि दोरीवर घातले. त्यात तिची काळी सायकलची चड्डी होती. मी कुणी बघत नाही असं पाहून ती उलटी केली. आत एकच मऊ तुकडा, मध्ये शिवण नाही, कडा दूर. मला आनंदानं हसूच फुटलं. आपण दोघं खडू आणि सुईवर चाचपडत जवळजवळ तिथेच येऊन पोचलो होतो.

ती बाई मागे उभी होती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि बाकी हातवाऱ्यांनी विचारलं, मग इथे आणि इथे का घासतं? ती विचारात पडली. मग तिनं आपल्या पिशवीतून आतली साधी चड्डी काढली, सायकलच्या चड्डीसमोर धरली, जोरजोरात मान हलवली आणि ती परत पिशवीत कोंबली. मला कळेना. तिनं तेच पुन्हा केलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आत काहीच घालायचं नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर्षभर मी चड्डी दुरुस्त करत होते आणि आत तुमचा लंगोट होता. तरुणपणी कुस्ती खेळल्यापासून तुम्ही तो सोडला नव्हता. दुहेरी काठाचा, घट्ट ओढलेला, दोन्ही जांघांतून तिरपा जाणारा. त्या दोन रेघा त्याच होत्या.

आता हे तुम्हाला सांगणार कोण? मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "मी बापले लंगोटनं सांगू? तू येडी व्हयनी का?" अक्कांना म्हटलं तर त्या दुसऱ्याच टोकाला. "इतला वरीस संसार कया, लंगोटना विषय कधी काढा नही. आते म्हतारपनमा काढू का?" मग मी खडू घेतला. कापडाच्या तुकड्यावर लंगोट काढला आणि त्यावर फुली मारली. ते चित्र बघून मलाच घाम फुटला. थुंकी लावून पुसून टाकलं.

शेवटी तुमच्या निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दोरीवरचे, खुंटीवरचे, ट्रंकेतले, होते तेवढे सगळे लंगोट साबणाच्या बादलीत बुडवले. सासऱ्याच्या लंगोटाला सुनेनं हात लावणं हेच मुळात पाप. पण अडला हरी. चड्डी तेवढी कोरडी, घडी करून सायकलच्या सीटवर ठेवली.

पहाटे तुम्ही मोरीत गेलात. मी स्वयंपाकघराच्या दारामागे. तुम्ही बादलीपुढे उभे राहिलात. मग अक्कांना म्हणालात, "बठ्ठा लंगोट भिजेल शेतस." अक्कांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. तुम्ही सीटवरच्या चड्डीकडे पाहिलंत. पुन्हा बादलीकडे पाहिलंत. आता तुम्ही आवाज चढवणार, ह्यांना उठवणार, मला माहेरी धाडणार, काहीही. तुम्ही दाराकडे तोंड केलंत आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला, आपल्या नातवाच्या नावानं का होईना, हाक मारलीत.

"राजूनी माय, हाई तुन्हं काम शे का?"

"हो," मी म्हटलं.

तुम्ही "बरं" म्हणालात, चड्डी उचललीत आणि आत गेलात. थोड्या वेळानं सायकल फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज आला.

आबा, जन्मभराची सवय, पैलवानकीतला मान, सासरेपण, हे सगळं तुम्ही एका 'बरं'मध्ये बाजूला ठेवलंत. मी पुष्कळ शिकलेली, समजूतदार म्हणवणारी माणसं पाहिली. घरातल्या धाकट्या माणसाचं असं ऐकणारा मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही परत आलात. संध्याकाळी चड्डी मशीनवर होती. मी ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघितली, कापड ताणून बघितलं. एकही खूण नव्हती. खडू मशीनच्या खणात, माझ्या बटणांच्या डबीशेजारी परत ठेवलेला होता. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कातडी बघितली आणि म्हणाले, चालवा. ह्यांनी किल्ली परत मागायची भाषा सोडून दिली.

त्यानंतर एकदा मी राजूला घेऊन भुसावळला निघाले होते. पारोळा सोडल्यावर पुढे एक ट्रक आडवा, एस्टी रांगत होती. वारा समोरून, दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेला कापूस. आणि खिडकीतून मला तुम्ही दिसलात. पायजमा कॅरियरला बांधलेला, पांढऱ्या सदऱ्याखाली माझी काळी चड्डी. मी तोंड फिरवायला हवं होतं. मी सवयीनं पदर ओढला आणि डोळे भरून बघत राहिले. समोरचा वारा सायकल मागे लोटत होता आणि तुम्ही सीटवर तसूभर हलत नव्हतात. पाय माझ्या मशीनच्या पायट्यासारखे एका तालात खालीवर होत होते. तुमचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. घरात मी मान खाली घालून असायचे, तुम्ही मान वळवून असायचे. त्या चेहऱ्यावर दमल्याची खूण नव्हती. डावीकडच्या वावरातलं काहीतरी तुम्ही निरखून बघत होतात, आणि कुणी मनासारखं ताट वाढावं तसं तुमच्या तोंडावर समाधान होतं. राजू म्हणाला, आबा. मी म्हटलं, हो, तुझे आबाच. बाजूच्या बाईला मला सांगायचं होतं की हे माझे सासरे. जीभ रेटली नाही.

पुढे पुढे आपण बोलायला लागलो. कापसाचा भाव, राजूचा अभ्यास, ह्यांचा रागीटपणा, सगळ्यावर. तेवढा चड्डीचा विषय दोघांनी कधी काढला नाही. फक्त खिशाचं भांडण राहून गेलं. तुम्हाला तंबाखूच्या डबीसाठी मागे खिसा हवा होता. मी राजूकरवी कळवलं की ताणणाऱ्या कापडाला खिसा लावला की ते लोंबतं आणि चुणी पडते. तुम्ही बाजारातल्या शिंप्याकडून गुपचूप लावून आणलात. मी उसवला. तुम्ही परत लावलात. अजून मला माझंच बरोबर वाटतं, आबा. शेवटच्या चड्डीला तो वाकडा खिसा तसाच आहे, आणि आता मी तो उसवणार नाही.

परवा तुम्ही जेवून आडवे झालात आणि चहाला उठला नाहीत. त्याच आठवड्यात शेताला जाऊन आला होतात. गर्दी जमली, पण माझे डोळे कोरडे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या की सून कशी दगडासारखी बसलीय. मागच्या अंगणात चादर धरून पुरुषांनी तुम्हाला आंघोळ घातली. मग हे बाहेर आले, ओल्या हातांनी, तसेच बायकांच्या घोळक्यातून वाट काढत थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तुमच्यासमोर जो विषय ह्यांच्या तोंडातून कधी निघाला नाही, तो त्यांनी सगळ्यांदेखत काढला.

"आबाना आंगवर कोठेच जखम नही," ते म्हणाले. "एक डाग बी नही. मी सोता दखं."

बायकांना काही कळलं नाही. मला रडू फुटलं ते तेव्हा.